अप्पांच्या हातावरचं औषध

घाटनांदूरच्या बाजारात मन्मथअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथं तुम्ही साधा चमचा मागून बघा. अप्पा चमचा काढतील, फुंकर मारतील, धोतराच्या सोग्याला पुसतील, पण हातात द्यायच्या आधी विचारतील, "पावनं, तुमाला औषद कोनतं सोसत न्हाई?"

चमच्याचा आणि औषधाचा संबंध काय, हे विचारायच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो. माझं कापडाचं दुकान त्यांच्या शेजारीच, मधे एक भिंत. "चमच्यानं काय लोक नुस्ती साखर खात्यात का बे?" असं उत्तर मिळालं.

एकदा माझ्या पुतणीच्या सोयरिकीची बैठक होती. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पेढे फुटायच्या बेतात. तेवढ्यात अप्पांनी हात वर केला. "पोराला कोनतं औषद सोसत न्हाई, त्याचा खुलासा झाला न्हाई."

मुलाचे वडील भडकले. "आमच्या पोरात खोट हाय म्हन्ता का?"

"खोट न्हाई मालक, अंगाचा सोभाव. कांदा सोसत न्हाई ते सांगता, मंग औषद सांगायला काय लाज?"

मुलगा बिचारा बोलून गेला, खोकल्याच्या औषधाने त्याला झोप येते. अप्पांनी अशी गंभीर मान डोलावली की मला वाटलं, आता सोयरीक मोडते. नाही मोडली. अजून त्या घरात खोकला आला की अप्पांची आठवण निघते.

खरी गंमत अप्पांच्या उजव्या हातावर होती. मनगटापासून कोपरापर्यंत ठसठशीत हिरवं गोंदण: 'पेनिसिलीन चालत नाही'. यात्रेतल्या गोंदणाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, देवाचं नाव काढू का बाईसाहेबांचं? अप्पा म्हणाले, "औषदाचं काढ. आन् ठळक काढ." आम्ही सगळे समजत होतो, अप्पांना कधीतरी जबरदस्त रिअ‍ॅक्शन आली असणार. नाहीतर इतकी भक्ती कोण करतो?

अप्पांच्या पत्नी गिरिजाकाकू दिवाळीपासून पुण्याला आहेत. मुलाकडे, नातू सांभाळायला. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून अप्पांचा फोन ऐकू येई. "तिकडं कोनाला म्हाईत हाय तुझं? कशापायी राहिलीस? ये परत." काकूंना गोड वरण आवडतं, ते पुण्यात कुणाला माहीत नसावं, असा मी अर्थ लावला होता.

मागच्या महिन्यात पितळी परातीची कड अप्पांच्या पायाला लागली. अप्पांनी हळद दाबली आणि दुकान चालू ठेवलं. पाय भोपळ्यासारखा सुजला, ताप भरला, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं.

नर्सने सुई टोचायला बाही वर केली आणि हात वाचून थेट डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाई तरुण होत्या; त्यांना आधी हसू आलं. मग म्हणाल्या, "काका, या दुखण्यावर याच घराण्यातलं औषध चांगलं लागू पडतं. म्हणून नीट विचारते, तुम्हाला काय झालं होतं?"

अप्पांनी तापातही संधी सोडली नाही. "डाक्टरीनबाई, आमचं निम्मं गाव अ‍ॅलर्जीनं भरलंय. मी सगळ्यांना इचारलंय!"

"काय होतं त्यांना?"

"कुनाला मळमळतं, कुनाला जुलाब, कुनाला झोप."

"ती अ‍ॅलर्जी नव्हे काका, तो औषधाचा त्रास. कधी लहानपणी तापातच अंगावर पुरळ येतं, आई औषधाला बोल लावते आणि ते नाव म्हातारपणापर्यंत चिकटून राहतं. नीट तपासलं तर पुष्कळांना अ‍ॅलर्जी निघत नाही. खरी थोड्यांनाच असते. पण ज्याला असते, त्याच्या ती जिवावर बेतू शकते. म्हणून विचारते, तुमचं काय?"

"माझं? मला काय बी हुत न्हाई. दगड दिला तरी पचंल."

"मग हे हातावर?"

"ते हिचं हाय."

मी खुर्चीतून उठलोच. अप्पा सांगत होते, "माहेरी गेलती, धारूरला. घसा धरला म्हनून सुई दिली. बघता बघता तोंड सुजलं, दम घेता यीना. मी हात धरून बसलतो. तवापासून ध्यानात ठिवलंय. ती इसरती. आन् ध्यानात आलं तरी बोलायची न्हाई, लाजती."

"अहो, मग त्यांच्या हातावर गोंदायचं!"

"तिच्या हातावर माझं नाव हाय. जागा कुठं? आन् ती एकटी कुठं जाती? मी असतोच की संगं."

"आता कुठं आहेत त्या?"

"पुन्याला."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आज तिथं कुणी त्यांना सुई द्यायला निघालं, तर सांगणार कोण?"

अप्पांनी गोंदणावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, "सूनबाईला फोन लाव."

अप्पांच्या घरात सासऱ्याने सुनेशी थेट बोलायची रीत नाही. निरोप भिंतीला सांगायचा आणि सुनेने ऐकायचा. म्हणून अप्पांनी आधी टोपी मागितली, डोक्यावर नीट बसवली, मग फोन कानाला लावला.

"सूनबाई, मी मामा बोलतोय. तुमच्या सासूबाईला पेनिसिलीन चालत न्हाई. ती सांगनार न्हाई. दवाखान्यात गेलं की आदी तुमी सांगायचं. म्हना बरं. हां. पुन्यांदा म्हना."

पलीकडून सूनबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "ध्यानात राहील, मामा. घरात सगळ्यांना सांगते. तुम्ही काळजी करू नका, मी आहे ना."

अप्पांनी फोन परत दिला.

"पाठ केलं पोरीनं," ते म्हणाले. "एकदम चोख."

"चला, घोर मिटला तुमचा," मी म्हणालो.

"मिटला की." त्यांनी टोपी काढून उशाशी ठेवली. "आता परत ये म्हनायला माझ्याकडं कारन न्हाई उरलं."