मथुरा बदकिणीचे हरवलेले पस्तीस

तर मुलांनो, एका जंगलात एक तळं होतं. गोल नव्हतं. गोलाला दोन बाजूंनी धरून ओढावं, तसं होतं. त्याला लंबवर्तुळ म्हणतात. अकरावीत मीही म्हणायचे, न कळता.

तळ्यात मथुरा बदकीण राहायची. काठावर तिची पाच अंडी होती. तळ्याच्या मालकीच्या कागदावर त्याच्या आकाराचं समीकरण लिहिलं होतं: ४क्ष² + ९य² = ३६.

एके दिवशी नोंदणीवाले बगळेभाऊ आले. ते एका पायावर नोकरी करत. दुसरा रजेवर.

"मथुराबाई, सोमवारपर्यंत समीकरण प्रमाण रूपात आणून द्या. उजवीकडे एक पाहिजे. नाहीतर तळं म्हशींना जाईल."

"अहो, माझी अंडी तुडवतील त्या."

"नियम अंड्यांच्या आधीचा आहे."

मथुरा तडक घुबड गुरुजींकडे गेली. क्लास दिवसाचा, म्हणून गुरुजी डोळे मिटूनच शिकवत.

"उजवीकडे काय आहे?"

"छत्तीस."

"मग सगळ्याला छत्तीसने भाग. छत्तीसला चारने भाग गेला, क्षखाली नऊ उरले. नऊने गेला, यखाली चार. लिही: क्ष²/९ + य²/४ = १."

"एवढं भागल्यावर तळं आटणार नाही ना, गुरुजी?"

"दोन्हीकडे सारखंच भागलंय, बाई. नऊचं वर्गमूळ तीन, चारचं दोन. जा, मोजून बघ."

मथुरेनं वेल घेतली आणि मोजलं. मधोमधपासून लांबीकडे तीन वेली, रुंदीकडे दोन. तळं होतं तेवढंच होतं.

सोमवारी बगळेभाऊंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. मान लांब केली.

"आधी छत्तीस होते. आता एक. पस्तीस कुठे गेले?"

"कुठे जाणार? भागाकार केलाय. तळं तेच आहे, मोजा हवं तर."

"मी तळं बघत नाही. मी कागद बघतो. चौकशी लावावी लागेल. तोवर हे तळं कुणालाच देता येणार नाही. म्हशींनाही नाही."

मथुरेनं पुन्हा समजावून सांगायला चोच उघडली. मग तिची नजर अंड्यांकडे गेली. तिनं चोच मिटली.

"पस्तीस म्हणजे काही थोडे नाहीत, भाऊ," ती म्हणाली. "सावकाश शोधा."

अंडी फुटली. पिल्लं पोहायला लागली. बगळेभाऊ अजून कागद घेऊन पाण्यात उभे आहेत, एका पायावर. पिल्लं जाता-येता विचारतात, "सापडले का, काका?"

"अजून एकही नाही, बाळांनो."

तात्पर्य: गणित नीट शिकावं. मात्र साहेबांना ते समजावून सांगायची घाई करू नये.