पाठ केलेली दोन मतं

कुठल्याही सिनेमावर मत द्यायला मला पाच मिनिटं पुरतात. ते मत माझंच असलं पाहिजे असा माझा आग्रह कधीच नसतो. त्यामुळे अबोली म्हणाली, "रविवारी आई-बाबा तुला पहिल्यांदा भेटणार, आपण चौघं 'मेघगड' बघायला जाऊ," तेव्हा मी बेधडक हो म्हटलं.

"हो काय? लहानपणी बाबांनी मला मेघगडची पाचही पुस्तकं वाचून दाखवलीत. त्यांच्यावरचाच हा ॲनिमेशन सिनेमा. दोघांनी तो आधीच एकेकदा पाहिलाय, बाबांनी एकट्याने आणि आईने मुलुंडला मावशीबरोबर. जेवताना तुझं मत विचारणार ते."

"विचारू दे ना."

"आधीच्या एका स्थळाला बाबांनी नापास केलं होतं. त्याने पुस्तकाचं पान मुडपलं म्हणून."

इथे माझा बेधडकपणा संपला.

शनिवारी साकीनाक्याच्या ऑफिसात काम बाजूला सारून मी इंटरनेटवर प्रेक्षकांची मतं वाचत बसलो. शेकडो लोक एकमेकांवर तुटून पडले होते. त्यातली दोन मतं अशी झणझणीत होती, की मी ती तोंडपाठ केली. एक सिनेमाच्या विरुद्ध, एक बाजूने. वारा येईल तशी पाठ द्यायची.

रविवारी बोरीवलीच्या थिएटरात मी अबोलीचे बाबा भाऊराव काका आणि आई सुलक्षणा काकू यांच्या मधोमध बसलो. जाहिराती संपल्या, सिनेमा सुरू झाला आणि माझी उजळणीही. पडद्यावर कुणीतरी उडत होतं, कुणीतरी जळत होतं. मला दिसत होतं ते फक्त मुडपलेलं पान.

काकू हळूच म्हणाल्या, "ओठ हलतायत तुमचे. स्तोत्र म्हणताय का?"

नंतर आम्ही जवळच्या मालवणी हॉटेलात गेलो. सोलकढी आणि तळलेला मासा आला आणि काकांनी विचारलं, "मग, कसा वाटला?"

मी घसा खाकरला. "इंटरव्हलपर्यंत सिनेमा पुस्तकाचं बोट धरून चालतो, काका. नंतर बोट सोडतो आणि जत्रेत हरवतो."

काकांचा चेहरा उजळला. "अगदी हेच! ऐकलंस का गं? अगदी याच शब्दांत मी…" आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी सोलकढीचा घोट घेतला.

काकूंचा चेहरा मात्र आंबला. टेबलाखाली अबोलीची लाथ बसली. आईलाही सांभाळ, असा तिचा अर्थ. मी घाईघाईने दुसरं मत बाहेर काढलं.

"पण काकू, ज्यांना पडद्यावरही पुस्तकच बघायचंय, त्या म्हाताऱ्या बोक्यांनी घरी बसून चष्मा पुसावा."

काकांनी वाटी खाली ठेवली. "हे वाक्य तुझं नाही."

मी माझी वाटी तोंडाला लावली.

"हे त्या 'बोरीवलीची वाघीण' नावाच्या बाईचं आहे. 'चोखंदळ वाचक' या नावाने मी जे लिहिलं, त्याखाली तिने हे खरडलं होतं."

काकूंना जोराचा ठसका लागला. पाठीवर थापा मारूनही थांबेना. अखेर त्या पुटपुटल्या, "अहो, चोखंदळ वाचक म्हणजे तुम्ही?"

"म्हणजे वाघीण तू?"

"मला काय ठाऊक? तुम्ही पण मला अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली म्हणालात!"

"तुझ्या त्या बोक्यामुळे मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि तूच कपाळाला हात लावून बघत होतीस, ताप आहे का म्हणून."

अबोलीने डोकं धरलं. मी माशाच्या काट्यांकडे बघत राहिलो. मी या घरात येण्याआधीच ते घर फोडलं होतं.

मग दोघांची नजर एकदम माझ्याकडे वळली. काका म्हणाले, "म्हणजे तू आमचीच वाक्यं आम्हाला ऐकवलीस. अनय, तुझं स्वतःचं म्हणून काही आहे का? काहीही सांग. पण खरं."

मी अबोलीकडे पाहिलं. ती मदतीला येणार नव्हती.

"काका, पुस्तकं मी वाचलेली नाहीत. पण ते कासव सगळ्या गावासाठी पाठीवरून पाणी वाहून आणतं आणि स्वतः थेंबही पीत नाही, तिथे मला खरंच रडू आलं."

"कासव?" काका म्हणाले. "पुस्तकात कासव नाहीये."

"सिनेमातही नाही," काकू म्हणाल्या.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकू तोंडाला पदर लावून गदागदा हसायला लागल्या. "अहो, ती सुरुवातीची पाण्याच्या टाकीची जाहिरात."

काका इतके हसले की त्यांना खरोखरच चष्मा पुसावा लागला. घरी जाताना दोघं एकाच रिक्षात बसले, तेही अजून हसत. आमचं लग्न त्याच महिन्यात ठरलं. "निदान शेवटी तरी खरं बोलला," असं काकूंचं म्हणणं.

काही असो, जाहिरात झकास होती. तुम्हीही बघा.