आज गेलं असतं

सकाळी मी कंपनीची बस गाठायला गेटकडे पळत असतो, तेव्हा रणपिसे काका गच्चीवरून खाली डोकावतात आणि जाहीर करतात, "आज गेलं असतं." नाहीतर, "आज सेवा बंद."

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत नव्याने आलेल्याला वाटतं, पाण्याच्या टँकरबद्दल चाललंय. छे! हे बिबवेवाडी-हिंजवडी एअरशिपबद्दल असतं. म्हणजे हेलियम भरलेलं, हवेत तरंगत जाणारं जहाज. काका रोज गच्चीवर कापडाची पट्टी बांधून वारा बघतात आणि वहीत नोंदवतात. असं जहाजच नाही, ही त्यांच्या मते किरकोळ अडचण.

"मुळात जमीन लागतेच कशाला?" हे त्यांचं पालुपद. काका बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. तीस वर्षं रस्ते आखले. रस्ता आखला की मागोमाग झाडांवर लाल आकडे पडायचे. "रेघ माझी, कुऱ्हाड दुसऱ्याची," असं एकदा चहा पिताना म्हणाले आणि लगेच हेलियमवर आले.

मी पडलो टवाळ. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी कुणीतरी तासभर बोलायचं असतं. मी काकांचं नाव दिलं. त्यांना सांगितलं, आमच्या लोकांना फार उत्सुकता आहे. टीमला ईमेल टाकली: हसून पोट दुखेल, चुकवू नका.

काका भर मे महिन्यात कोट घालून आले. काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. मीटिंग रूमच्या दारावर कुणा शहाण्याने माझी ईमेल छापून चिकटवली होती, माझ्या नावासकट. काकांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि आत गेले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

लोक हसले. एकाने विचारलं, वरून थुंकायची सोय आहे का? आणि सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. काकांनी एकेक नकाशा शांतपणे दाखवला. शेवटचा कागद मात्र न उलगडताच गुंडाळी बांधली.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मला त्यांच्याकडे बघवेना. तेच म्हणाले, "लोक जागे तरी होते. आमच्या खात्यात झोपायचे." मग तो शेवटचा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "हा तिथे दाखवण्यासारखा नव्हता."

वेळापत्रक होतं. सुबक अक्षरात: हिंजवडी सुटणे साडेसात, बिबवेवाडी पोच सात पंचावन्न. खाली लाल शाईत टीप: 'ही वेळ बदलू नये. सई साडेआठला झोपते.'

सई माझी मुलगी, दोन वर्षांची. सोमवार ते शुक्रवार मी तिला झोपलेलीच बघतो, हे मी काकांना कधीच सांगितलं नव्हतं. पण आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिचं "बाबा कुठे?" त्यांना रोज ऐकू जात असणार.

"काका, चुकलं माझं," मी कसाबसा म्हणालो.

काका खिडकीबाहेर बघत होते. बस अर्धा तास वाकडच्या पुलापाशी होती तिथेच उभी होती. कडेच्या झाडाचं पानही हलत नव्हतं.

"वारा पडलाय," ते म्हणाले. "आज गेलं असतं."

साडेआठ आम्हाला तिथेच वाजले.