ओळखीचा सुळा

"अहो, हे तर हुबेहूब आपले डॉक्टरसाहेब!" बायकोने टाळी वाजवली, तसा कारागिराने केक चटकन आपल्याकडे वळवून पाहिला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठ्ठा आ वासलेल्या जबड्याचा केक होता. गुलाबी क्रीमच्या हिरड्या आणि साखरेच्या गोळ्यातून घडवलेले पांढरेशुभ्र दात. दातांच्या डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्याला आज पंचवीस वर्षं झाली, म्हणून त्यांच्याकडे कवळ्या घडवणाऱ्या कारागिराने घरीच मेजवानी ठेवली होती. केक भाजला बायकोने. पण "दात बसवणं तुमचं काम" म्हणत सजावट तिने नवऱ्याच्या गळ्यात घातली होती.

"साहेब कुठं दिसले तुला? नुसते दात आहेत," तो म्हणाला.

"तो डावा सुळा बघा ना! शेजारच्या दाताला खांदा लावून कसा उभाय! साहेब हसले की आधी तोच दिसतो. माप घेतलं होतं की काय तुम्ही?"

कारागिराने वाकून सुळा न्याहाळला. माप घेतलं होतं, हेच तर दुखणं होतं! मन विसरतं हो, पण हात विसरत नाही. बारा वर्षांपूर्वी दवाखान्याला आतून कडी घालून त्याने साहेबांची कवळी घडवली होती. "अगदी सरळ नको रे, लोकांना संशय येईल. एक सुळा जरा वाकडा ठेव," हे साहेबांचेच शब्द. आणि मग खांद्यावर हात ठेवून, "हे तिसऱ्या कानी गेलं, तर तू तुझ्या वाटेने, मी माझ्या." घरी बाईसाहेबांनाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. वर पेशंटला ऐटीत सांगायचे, "बघा, साठीतही बत्तीसच्या बत्तीस जागेवर!" बारा वर्षं कारागिराने दातओठ आवळून ते गुपित सांभाळलं, आणि आज ते स्वतःच्या हाताने केकवर मांडून ठेवलं. गेली नोकरी!

त्याने देवाचा धावा केला आणि सुळा उपटून सरळ बसवला.

बायकोने मान तिरपी केली. "आता वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई झाल्या."

"काय सांगतेस!"

"त्याही येणारेत ना संध्याकाळी? जिन्यातून उतरताना अशाच हसतात, सगळे दात सारखे."

सारखे असणारच, तेही त्यानेच केलेले. घामाघूम होत त्याने पुढचा एक दात काढून टाकला.

"आता आमचा दादा!" बायकोचा आवाज चढला. "हे बघा, माहेरच्यांची थट्टा मी खपवून घ्यायची नाही. दादा पाण्याला न शिवता परत जाईल."

कारागिराने तो दात घाईघाईने परत बसवला. पंचवीस वर्षांत त्याने अर्ध्या गावाची तोंडं घडवली होती. आता बोटांना स्वतःचा म्हणून एक दात सुचेना. जो लावावा तो कुणाचा ना कुणाचा निघे. दोन इकडे सरकवले की पोस्टमास्तर, एक बारीक केला की घरमालक. आणि या सगळ्यांना आमंत्रण होतं!

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"आले वाटतं," म्हणत बायको बाहेर धावली. कारागिराने डोळे मिटले आणि सगळेच्या सगळे दात उपटून काढले. ठेवायचे कुठे? पावलं जवळ आली, तशी त्याने ती मूठ सरळ तोंडात कोंबली. टेबलावर उरलं एक गुबगुबीत, गुलाबी बोळकं.

डॉक्टरसाहेब हसत आत आले, केक पाहिला आणि भिंतीसारखे पांढरे पडले. त्यांचं बोळकं उभ्या जन्मात एकाच माणसाने पाहिलं होतं, आणि तो माणूस समोर गाल फुगवून उभा होता.

"हे... हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"म्म्म," कारागीर म्हणाला. संपलं सगळं.

मागून बाईसाहेब डोकावल्या आणि खळखळून हसल्या. "अगं बाई! हे तर रोज पहाटे आमच्या उशीवर दिसतं!"

साहेब गर्रकन वळले. "म्हणजे, तुला..."

"बारा वर्षं झाली. कडी लावून न्हाणीघरात अर्धा अर्धा तास काय घासत बसता, ते कळत नाही होय मला? म्हटलं, एवढं जपताय तर जपा बापडे."

साहेब आधी लाजले, मग हसू लागले. इतके हसले की वरची कवळी खटकन खाली आली. ती सावरत त्यांनी कारागिराच्या पाठीवर थाप मारली. "गुलामा, पंचवीस वर्षांत तुझं हे सगळ्यात चांगलं काम!"

कारागिराच्या जिवात जीव आला. तोंडातली साखर गिळून त्याने देवाला मनोमन हात जोडले. पाहुणे जमले, केक कापला, साहेबांनी खालच्या हिरडीचा मोठा तुकडा मागून घेतला. कारागिरानेही आनंदाने पहिला घास तोंडात टाकला.

तोच बाईसाहेब बशी घेऊन त्याच्याजवळ सरकल्या. "भावोजी," त्या पुटपुटल्या, "माझ्या खालच्या दाढा हलायला लागल्यात. एक दिवस ह्यांची नजर चुकवून येते. पण त्यांना कळता कामा नये हं! आत्ता एवढी हसले मी, जन्मभर ऐकवतील."

घास घशातच अडकला.