हिरवी पानं कोणत्या यादीतली?

रविवारी सकाळी सव्वानऊला रघुनाथराव गुरुजी बसस्टँडवरून आले ते चपला न काढताच थेट स्वयंपाकघरात शिरले. पांढुर्ण्याच्या शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवणारा हा माणूस एरवी उंबऱ्याबाहेर चपलासुद्धा एका रेषेत लावायचा. विजयाबाईंनी कणकेचा हात तसाच ठेवून विचारलं, "काय झालं वो?"

"श्रीधरची चिठ्ठी आली सौंसरहून. ऐक. 'कलम आज दोनच्या गाडीनं येते. पानं हिरवी आहेत.' बस, एवढंच."

"हिरवी म्हणजे चांगलं का वाईट?"

"तेच तर पाहून राहिलो नं," असं म्हणत गुरुजी फळीवरचा पत्र्याचा डबा काढायला स्टुलावर चढले. तेही चपलांसकट.

कलम म्हणजे नवरामुलगा, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुजींची एकुलती मुलगी उर्मिला बी.ए. झाली होती आणि तिला चष्मा होता. विजयाबाईंचा भाऊ श्रीधर सौंसरला राहून तिच्यासाठी स्थळं बघायचा. टपालाला दोन दिवस लागत, आणि फोन करायचा तर पोस्टात जाऊन सगळ्या रांगेसमोर ओरडावं लागे. म्हणून निरोप सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती जायचे. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनी असंच साध्या सरळ मराठीत लिहून पाठवलं होतं, "मुलीला चष्मा आहे हे इतक्यात सांगू नका." भैय्याजी कंडक्टरनं मोहगावला गाडी थांबली तेव्हा ती चिठ्ठी वाचली, आणि गाडी सौंसरला लागायच्या आत चष्मा पुढे पोचला. ते स्थळ गेलं.

तेव्हापासून गुरुजींनी संत्र्याची गुप्त भाषा काढली. या भागात दर दुसरा माणूस संत्र्याबद्दलच बोलतो, तेव्हा कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. गुरुजींकडे वीतभरही जमीन नव्हती, एवढं सोडलं तर योजनेत खोट काढायला जागा नव्हती.

या भाषेचे तीन नियम होते. अधूनमधून शब्दांची यादी बदलायची, म्हणजे लोकांना पत्ता लागत नाही. नवी यादी आली की जुनी फाडायची. आणि यादीतल्या शब्दाचा अर्थ कोणालाही सांगायचा नाही, रक्ताच्या नात्यातल्यालाही नाही. पहिला आणि तिसरा नियम गुरुजी कडकपणे पाळत. दुसरा त्यांच्यानं पाळला जात नसे, कारण पाठकोरा कागद फाडताना त्यांचा जीव कासावीस होई.

डब्यातून तीन याद्या निघाल्या. एकीवर लिहिलं होतं, "नवी यादी." दुसरीवर, "नवी यादी, हीच चालू." तिसरीवर, "ही चालू, बाकी रद्द." तारीख एकीवरही नव्हती.

"एकीत हिरवी म्हणजे पसंती," गुरुजी नाइलाजानं तिसरा नियम मोडून वाचू लागले. "दुसरीत हिरवी म्हणजे नकार. पत्रिका परत द्यायला येऊन राहिले असं समजायचं. अन् तिसरीत हिरवी म्हणजे मुलाची आत्या संगं येते, कांदा-लसूण बंद."

"मंग मी पुरण टाकू, का नुसता चहा, का बिनकांद्याचं?"

"थांब थोडी."

थांबण्यासारखी परिस्थिती मात्र नव्हती. मुलगा दिलीप, सौंसरच्या पाटबंधारे खात्यात नोकरीला, दिवाळीत उर्मिलेला बघून गेला होता. संक्रांतीला गुरुजींनी होकार कळवला तो एका यादीनुसार, आणि श्रीधरनं वाचला दुसरीनुसार. त्यामुळे तिकडे नकार पोचला. ते निस्तरण्यात महिना गेला. आता पुन्हा घोळ झाला असता तर मुलाच्या घरच्यांनी हात जोडले असते.

गुरुजींनी गणिताच्या पद्धतीनं सुरुवात केली. त्यांनी तिन्ही कागद उलटे केले. एकाच्या पाठीवर तिमाही परीक्षेचे गुण होते, दुसऱ्याच्या पाठीवर सहामाहीचे प्रश्न. म्हणजे दुसरा नंतरचा. तिसऱ्याची पाठ कोरी.

"ही सगळ्यात नवी. पाठ वापरायची बाकी आहे म्हणून कोरी."

"काही नाही. ती माझ्या लोणच्याच्या बरणीखाली होती म्हणून कोरी. कधीपासून ते मला नका विचारू."

गुरुजींनी तेलाचा गोल डाग उजेडात धरून निरखला. त्यातून काही निघालं नाही. मग ते पुन्हा चिठ्ठीकडे वळले. "एक आहे पण. श्रीधरचं अक्षर सुधारलं. वेलांटी पाहा कशी वळणदार काढली."

तेवढ्यात उर्मिला न्हाऊन ओले केस टिपत दारात आली. "बाबा, चिठ्ठी आज तुम्ही आणली?"

"तुझा शिवणाचा क्लास बंद नं आज. म्हणून मीच गेलो."

"दोनच्याच गाडीनं येणार लिहिलं आहे?"

"हो. तू यात नको पडू."

"बरं," उर्मिला म्हणाली आणि पेटीतून निळी साडी काढायला निघून गेली. विजयाबाईंनी पुरणाची डाळ चुलीवर ठेवली, नकार आठवून खाली उतरवली, आणि आत्या आठवून चिरलेला कांदा ताटाखाली झाकला.

शेवटी श्रीधरलाच विचारायचं ठरलं. गाडी साडेदहाला परत सुटायची. पण कोणती यादी चालू हे विचारायचं तर ते चालू यादीतल्या शब्दांतच विचारायला हवं, आणि ती कोणती हेच तर विचारायचं होतं. गुरुजींनी तीन कागद खराब केले. अखेर तिसऱ्या यादीवर भिस्त ठेवून (तिच्यात बहार म्हणजे यादी) त्यांनी लिहिलं, "पानं कोणत्या बहाराची ते कळवा." आणि ते धावतच स्टँडवर गेले.

भैय्याजींनी चिठ्ठी घेतली आणि गुरुजींच्या देखतच उघडून वाचली.

"हे तर तिसऱ्या यादीतलं हाय, गुरुजी."

गुरुजींनी बसचा दांडा धरला. "तुम्हाला कसं माहीत?"

"तिन्ही याद्या माह्याच हातानं आल्या-गेल्या नं. पाकीट बी नव्हतं. पाठ झाल्या मले."

"मग सगळ्या गावाला..."

"नाही, नाही! चश्म्याच्या टायमाले गलती झाली, तवापासून कान धरला म्या. कोणी विचारलं तं सांगतो, गुरुजी बगीचा लावून राहिले."

गेल्या महिन्यात नत्थूजी पाटलांनी भर रस्त्यात थांबवून विहिरीला पाणी किती लागलं असं का विचारलं होतं, ते गुरुजींना आता कळलं. पण तो विषय पुढचा होता. "म्हणजे तिसरीच चालू. मुलाची आत्या येऊन राहिली."

"तुमची तिसरी चालू हाय," भैय्याजी म्हणाले. "पण सकाळची चिठ्ठी चौथीतली हाय."

"चौथी? मला नाही मिळाली चौथी."

"तुमच्यासाठी नव्हती ते." भैय्याजींनी जीभ चावली. "रोज ताई येते नं घ्याले. आज तुम्हीच हात पुढं केला. मी काय करू?"

गुरुजींनी खिशातून सकाळची चिठ्ठी काढली. वळणदार वेलांटी. श्रीधरला ही वेलांटी सात जन्मांत जमली नसती, हे मास्तर म्हणून आपल्याला आधीच कळायला हवं होतं.

"श्रीधरचं अक्षर नाही हे."

"पाटबंधारे हापिसातलं हाय," भैय्याजी हळूच बोलले, आणि लगेच घंटी मारून गाडीत चढले.

घरी येताना गुरुजींनी रागावायचा प्रयत्न करून पाहिला. राग थोडा आलाही. पण दोन मोठ्या माणसांनी तीन याद्या करून चार महिन्यांत जे जमवलं नव्हतं ते उर्मिला आणि दिलीप या दोघांनी एका यादीत जमवलं होतं, आणि तेही आपल्याच पद्धतीनं. हा हिशेब लागल्यावर राग टिकेना. त्यांना उलट बरंच वाटू लागलं.

स्वयंपाकघरात उर्मिला निळी साडी नेसून पोह्यांसाठी कांदा चिरत होती. कांदा चांगला भरपूर होता.

"म्हणजे आत्या नाही येऊन राहिली," गुरुजी म्हणाले.

उर्मिलेची सुरी थांबली. तिनं बापाच्या हातातली चिठ्ठी पाहिली आणि काय ते समजली. "नाही, बाबा."

"नकार तर नाही नं?"

"नाही."

"मग तुमच्या यादीत हिरवी पानं म्हणजे काय?"

उर्मिलेनं चष्मा काढला, पदरानं सावकाश पुसला आणि परत लावला. "बाबा, यादीतला शब्द कोणाला सांगायचा नसतो. रक्ताच्या नात्यातल्यालाही नाही."

गुरुजींनी आता कुठे चपला काढून उंबऱ्याबाहेर नेऊन एका रेषेत लावल्या.

"अहो, डाळीचं काय करू?" विजयाबाईंनी विचारलं.

"चढव. पुरणच कर."

मग ते डब्यापाशी बसले आणि तिन्ही याद्या त्यांनी एकापाठोपाठ एक फाडल्या. तिसरीची पाठ अजून कोरी होती, तरी फाडली.