वामनभाऊची साधी पिन

वामनभाऊ कोणाच्या घरी गेला की आधी टीव्हीच्या मागं डोकावते, मंग पाणी पिते. भाचीसाठी पोरगा पाहाले आमी अकोल्याले गेलो. सारे पोराचा पगार विचारून राहिले होते, हा टेबलाखाली वाकला. कॉम्प्युटर, प्रिंटर, स्पीकर, साऱ्यायच्या पिना वेगवेगळ्या. बाहेर येऊन मले म्हणते, "या घरात एकमत नाही, भाऊ."

वरूडात त्याचं दुरुस्तीचं दुकान. आपलीच वेगळी पिन काढणाऱ्या कंपन्यांवर त्याचा दात. "वीज साऱ्यायची, मंग पिन कावून एकट्याची?" गिऱ्हाइकाले न विचारता कंपनीची पिन काढते अन् कुठंही मिळणारी साधी गोल पिन बसवून देते. लोक आधी भांडतात, वर्षभरानं हसत येतात.

फळीवरचे दोन स्पीकर तेवढे त्यानं सोडले होते. तीन काड्यांची कंपनीची पिन. त्याच्या पोरीनं पहिल्या पगारात घेतले अन् बंगलोरले जाताना बजावलं, "बाबा, याले तरी हात लावू नका." दर रविवारी ती कॉम्प्युटरवरून बोलते, त्या स्पीकरमधून. मी चिडवलं तर म्हणे, "ते राहू दे."

औंदा माझ्या संत्र्याचा ट्रक भरला होता. पेटीवर लेबल नसलं तर पुढचा व्यापारी माल उतरूनच घेत नाही. अन् लेबल छापायच्या मशीनची पिन निघाली, तशीच तीन काड्यांची. "थांबा, वामनभाऊले बोलावतो," पॅकिंगच्या शेडचा मॅनेजर म्हणे. मी चार बुकं शिकलो, पण थांबायचं नाही शिकलो. पिन उलटी धरून दाबली. दोन काड्या वाकल्या, एक तुटली. अमरावतीत फोन केले, तशी पिन नाही. कंपनी म्हणे आठ दिवस. तोवर संत्र्याचं पाणी झालं असतं.

वामनभाऊ आला. पिन पाहिली, मंग माझे हात पाहिले. "भाऊ, हे बैलाचं जू नव्हतं."

दुकानात जुन्या वायरांचं पोतं उलथं केलं. नाही सापडली. फळीवरच्या स्पीकरकडं पाहिलं. मंग उठला, स्पीकरची वायर ओढली अन् पिनीच्या मागून कापली. ती पिन मशीनच्या वायरले जोडली, मीटर लावून एकेक तार तपासली. मशीन खरखरलं, पहिलं लेबल बाहेर! हमालांनी अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचे थांबले. दुपारी ट्रक निघाला.

रविवारी मी संत्री घेऊन गेलो. स्पीकरले त्यानं साधी गोल पिन बसवली होती, पण त्याचा चेहरा पडलेला. "पोरीले काय सांगू?"

तेवढ्यात ती पडद्यावर आली. "बाबा, ती वायर कोणती? कापली ना?"

वामनभाऊ वायर मागं सारून राहिला. मीच पुढं सरकलो. सत्तर वर्षांत घरात, पंचायतीत, कोणापुढं बोललो नाही ते बोललो.

"पोरी, चूक माझी आहे. माझ्या मालापायी कापली त्यानं."

ती हसाले लागली. "काका, ती पिन सात वर्षं कशी राहिली हेच मले नवल! बाबा, आवाज कसा येऊन राहिला?"

वामनभाऊनं डोळे पुसले, स्पीकरचं बटण पूर्ण फिरवलं अन् म्हणते, "पह्यल्यापेक्षा मोठा, माय. बोल, साऱ्या गल्लीले ऐकू दे."