चिमट्याने मागितलेली माफी

“एका ओळीत!” भट्टीने टेबलावर मूठ आपटली. “एका ओळीत हवा तो ग्राहक तुमच्यासमोर हजर करतो!”

ऑफिसात त्याला भट्टी म्हणत, कारण तो कायम तापलेला. कंपनी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायची आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवायला तिच्याकडे एक अगडबंब सॉफ्टवेअर होतं. त्याला साधा प्रश्न विचारायचा तर आधी सतरा खिडक्या उघडा, मग ते झोपेतून उठवल्यासारखं उत्तर देणार. या संतापातूनच भट्टीने एक चिमुकली लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे हो, तयार कोडची! नाव ठेवलं चिमटा. कोण हवंय ते साध्या शब्दांत सांगा, चिमटा तेवढीच माणसं उचलून आणणार.

“आणि एखादा शब्द त्याला कळला नाही तर?” मॅनेजरबाईंनी विचारलं.

“तेवढा सोडून पुढे जातो. कुरकुर नाही, वाद नाही. म्हणून तर हलका आहे!”

हे सांगताना त्याला बायको आठवली नाही, याचंच नवल. कारण आठवड्यापूर्वी ती माहेरी गेली ती याच गोष्टीवरून. भट्टीने सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने कंपनीचं यंत्र बसवून दिलं होतं. सासरे म्हणाले, “जरा वाकडं बसलंय, पण पाणी फार गोड येतं हो, जावईबापू!” यातलं भट्टीने ‘वाकडं’ तेवढं ऐकलं. “मग काढून फेका!” असं ओरडून तो उठला आणि दार आपटून निघून आला.

“तू अर्धं ऐकतोस आणि पुरता भडकतोस!” बायको बॅग भरताना म्हणाली. “बाबांची माफी मागितल्याशिवाय मी या घरात पाऊल ठेवणार नाही.”

“मेलो तरी मागणार नाही!” भट्टी म्हणाला. तेव्हापासून तो रिकाम्या घरात भांड्यांवर राग काढत होता. कुणी ऐकायला नसलं की ओरडण्यातही मजा येत नाही, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण कबूल कोण करणार!

असो. मॅनेजरबाईंनी काम दिलं. ज्यांच्या तक्रारी अजून मिटलेल्या नाहीत, फक्त त्यांना माफीचा निरोप पाठवायचा. ‘आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून माफी मागतो. चूक सर्वस्वी माझी.’ खाली ज्याने यंत्र बसवलं त्याचं नाव आपोआप यायचं.

भट्टीने एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. चिमट्याला ‘ग्राहक’ समजलं. ‘तक्रार’ म्हणजे काय, ते मात्र त्याला शिकवायचं राहून गेलं होतं. चिमट्याने तेवढा शब्द सोडला आणि झाडून सगळ्या ग्राहकांची माफी मागितली!

मग जो भडका उडाला म्हणता! आजवर सुखाने पाणी पिणारी माणसं एकाएकी पोट धरून फोन करू लागली. “माफी कसली? पाण्यात काय सोडलंत? खरं बोला!” एका गृहस्थाने भिंतीवरून उपटलेलं यंत्र आणून थेट काउंटरवर आदळलं. ज्यांची खरीच तक्रार होती, त्यांचा फोन काही केल्या लागेना, म्हणून ते वेगळेच चिडले.

“संध्याकाळच्या आत सगळ्यांना दुरुस्तीचा निरोप गेला नाही,” मॅनेजरबाई कडाडल्या, “तर उद्या येऊ नकोस!”

भट्टीने दात-ओठ खात निरोप लिहिला. ‘माफीचा निरोप चुकून गेला. आपली माफी मागण्याचं काहीही कारण नाही.’ तेवढ्यात बायकोचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

“बाबांना तुझा निरोप मिळाला. खाली तुझं नाव बघून डोळे पुसत होते. मला सोडायला ते स्वतः गाडी घेऊन निघालेत, आम्ही रस्त्यातच आहोत. तू खरंच माफी मागितलीस?”

“हो,” भट्टी म्हणाला.

त्याने फोन ठेवला. दुरुस्ती गेली तर बायको गेली! नाही गेली तर नोकरी गेली! पण चिमटा होता ना हाताशी! त्याने जपून लिहिलं: ‘ग्राहक’, पुढे सासऱ्यांचं नाव आणि त्यापुढे ‘वगळून’. बटण दाबलं.

पडद्यावर आलं: एक निरोप पाठवला.

एकच?

चिमट्याला ‘ग्राहक’ समजलं होतं. सासऱ्यांचं नाव समजलं होतं. ‘वगळून’ काही समजलं नव्हतं. कुरकुर न करता तो पुढे गेला होता. बनवणाऱ्यावरच गेला होता मेला!

फोन वाजला. या वेळी सासरे स्वतः होते आणि आवाज बर्फासारखा होता. “माफी मागण्याचं काहीही कारण नाही म्हणता? बरं. मी गाडी वळवतोय.”

“नाही बाबा, थांबा!” भट्टी खुर्चीतून उठला. सगळं ऑफिस बघत होतं. “चुकलं माझं! त्या दिवशी तुमचं पुरतं ऐकलंच नाही मी. यंत्र वाकडंच बसलंय. मी येऊन सरळ करतो. मला माफ करा.”

पलीकडे इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “हे तरी नक्की मलाच आहे ना?”